बॉयलर पेटल्याचा आवाज

सम्राट रंभाजी पगारे हा आमच्या साखर कारखान्यात लिनक्स ही संगणकप्रणाली येणारा एकमेव माणूस. कारखान्यातलाच कशाला, १९९९ साली अख्ख्या श्रीरामपुरात दुसरा कुणी असला तर मला दाखवा. आणि हा माणूस चार वर्षं रोजंदारीवर होता. मी आस्थापना विभागात कारकून. कोण कायम, कोण हंगामी, कोण रोजंदारी, याच्या फायली माझ्याच कपाटात असायच्या, म्हणून खात्रीने सांगतो.

त्याचा बाप रंभाजी आमच्याच कारखान्यात गव्हाणीवर उसाच्या मोळ्या ओढून म्हातारा झाला. बावीस हंगाम केले, कायम काही झाला नाही. पोराने आयटीआय केलं, बाजारतळापाशी रेडिओ-टेप दुरुस्त केले. कारखान्यात पहिला संगणक आला तेव्हा खोकं उघडायला म्हणून आलेला सम्राट मग तिथेच राहिला. कायमची ऑर्डर घेऊन बापापुढे उभं राहायचं, एवढी एकच गोष्ट त्याला हवी होती. ती त्याने मला चहा पिताना एकदा सांगितली, पुन्हा कधी विषय काढला नाही.

चेअरमनसाहेबांचे धाकटे चिरंजीव अमेरिकेत. दरवर्षी दसऱ्याला आमच्याकडे बॉयलर पेटवण्याचा समारंभ असतो: होम, मंत्र, भाषणं, मग बुंदीचं जेवण. त्या वर्षी साहेबांच्या डोक्यात आलं की हे सगळं इंटरनेटवरून चिरंजीवांना थेट ऐकवायचं. त्यांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सम्राटला सांगितलं, "आपला बॉयलर पेटल्याला अमेरिकेत ऐकू जाऊ दे. हंगाम सुरू व्हायच्या आत तुजी ऑर्डर काढतो."

आवाज प्रक्षेपित करणारं सॉफ्टवेअर विकत घ्यायला एमडीसाहेबांचा नकार. लिनक्सवर तसलंच काम करणारं फुकट मिळतं, असं सम्राट बोलून गेला आणि अडकला. फुकट ते पौष्टिक. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्याने लिनक्स चढवलं. सॉफ्टवेअर आणायला एसटीने नगरला गेला, तिथल्या एका संगणकवाल्याकडून पाच फ्लॉपींवर भरून आणलं. चौथी फ्लॉपी खराब निघाली. दुसऱ्या दिवशी एका फ्लॉपीसाठी परत नगर.

पुढचे तीन आठवडे मी रोज दुपारी त्याच्या खोलीत डोकवायचो. पडद्यावर इंग्रजी ओळी सरकत असायच्या आणि हा तोंडाने एकेक वाचत बसलेला. आधी मशीनला साउंड कार्डच दिसेना. ते दिसायला लागलं तर सॉफ्टवेअर म्हणे अमुक फाईल नाही. ती मिळवली तर नवीनच तऱ्हा: मोडेमने फोन जोडला की आवाज बंद, आवाज चालू केला की फोन तुटला. आठवडाभर त्याने डोकं आपटलं तेव्हा कळलं की मोडेम आणि साउंड कार्ड दोघंही मशीनला एकाच नंबरवरून हाक मारतात. "भावाभावांचा बांधाचा वाद हाय काका हा," तो म्हणाला. मग कार्ड बाहेर काढून त्याच्यावरची, जंपर म्हणतात ती बारकी टोपी एक घर सरकवली, नंबर बदलून दिला आणि वाद मिटला. शेवटी आवाज तुटत होता, तर त्याचा दर्जा निम्म्यावर आणला. नवमीच्या सकाळी मांडवातल्या माइकवर मी "हॅलो, हॅलो" म्हणालो आणि अमेरिकेतून फोन आला की स्वच्छ ऐकू येतंय. सम्राट हसला. त्याला इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

त्याच दुपारी खंडेनवमीची पूजा. त्या दिवशी कारखान्यात मोटारीपासून टाइपरायटरपर्यंत सगळं धुऊनपुसून हळद-कुंकू लावतात, हार घालतात, आणि दसऱ्याला पूजा उतरवेपर्यंत कशालाच हात लावत नाहीत. मीच सम्राटला म्हणालो, "तू जा घरी. तुमच्यात नसतं हे." प्रेमानेच म्हणालो, असं मला तेव्हा वाटलं होतं. तो म्हणाला, "काका, मशीन हलवू नका फक्त."

आता न हलवता पूजा कशी करायची? मागे बोटभर धूळ. मी टेबल ओढलं, दोन पिना आड येत होत्या त्या काढल्या, ओल्या फडक्याने सगळं लख्ख पुसलं. मागे सारखीच दिसणारी तीन भोकं. पिना जिथे बसल्या तिथे बसवल्या, टेबल भिंतीला लावलं, झेंडूचा हार घातला. मांडवातून येणाऱ्या वायरची पिन मी आवाज बाहेर सोडायच्या भोकात खुपसली होती, हे मला नंतर कळलं.

दसऱ्याला त्याच्या घरचे सगळे नागपूरला दीक्षाभूमीवर गेले होते. हा एकटा मागे राहिला. मशीन तपासायला त्याने तासभर मागितला, एमडी म्हणाले, पूजा उतरल्याशिवाय नाही. पूजा उतरली पावणेदहाला, मुहूर्त दहाचा. मशीन चालू, मोडेम जोडलेला, पडद्यावर सगळं ठीक, आणि फोनवर चिरंजीव म्हणतात, काहीच ऐकू येत नाही. तीन आठवडे ज्याने छळलं तोच चोर असणार, असं धरून सम्राट पुन्हा त्या नंबरांच्याच मागे लागला. सगळं बंद केलं, चालू केलं, पुन्हा बंद केलं. तिकडे मंत्र झाले, बॉयलर पेटला, भाषणं झाली. चेअरमनसाहेबांनी भाषणात दोनदा "माझ्या अमेरिकेतल्या मुला" म्हटलं. मी दारात पेढ्यांचं ताट घेऊन उभा होतो आणि मला अजून त्या पिना आठवल्या नव्हत्या.

शेवटी त्याने टेबल ओढलं. वाकला, पिन काढून हातात धरली. पिनेवर कुंकवाचं बोट उमटलेलं होतं. पूजेत मशीनला कुंकू लावणारा मीच होतो. त्याने पिन शेजारच्या भोकात घातली आणि आवाज सुरू झाला. अमेरिकेत ऐकू गेलं ते एवढंच: "ए, बुंदी इकडं आना."

एमडी तावातावाने आले. सम्राट म्हणाला, "साहेब, पूजेच्या टायमाला मशीन हललंय. पिन बदलली."

"म्हंजे आता पूजेचा दोष?" एमडी म्हणाले. "तुमच्यात न्हाई करत तर नका करू. पन आमच्या देवाधर्मावर खापर फोडू नका."

मी दोन हातांवर होतो. "साहेब, मी हलवलं," एवढंच म्हणायचं होतं. मला कुणी काढलं नसतं, फार तर चार शिव्या बसल्या असत्या. निवृत्ती तोंडावर होती, पोरं मार्गी लागली होती. भ्यायचं काहीही कारण नव्हतं. तरी मी बोललो नाही, उलट एमडींपुढे पेढ्यांचं ताट धरलं. त्यांनी एक उचलला.

दिवाळीआधी त्याला कमी केल्याचं पत्र निघालं. "काम असमाधानकारक." ते टाइप करायचं काम आस्थापनेचं, म्हणजे माझं. तीन प्रती काढल्या, खाडाखोड झाली नाही. सम्राट आला, उभ्यानेच वाचलं, पोच म्हणून सही केली आणि पेन माझ्या हातात परत दिलं.

"काका," तो म्हणाला, "तुमचं बोट मला त्याच दिवशी वळखू आलं हुतं. म्या नाव घेतलं न्हाई. म्हटलं, तुमी सोताच सांगताल."

मी पोच घेतली, तारीख घातली आणि फायलीला लावली.