सासरवाडीचा डिझेल पंप

आमच्या चुडाव्याच्या सिद्धोधनला ट्रकशिवाय दुसरा विषय ठाऊक नाही. त्याची बायको रेणुका म्हणते, लग्नाची तारीख विसरतील, पण ऑइल बदलायची तारीख विसरणार न्हाईत. हे तिनं मला स्वतः सांगितलं म्हणून लिहितो. ऐकीव गोष्टी मी लिहीत नाही, फक्त सांगतो.

तर यंदा ऐन हळदीच्या हंगामात त्या ट्रकचा डिझेल पंप गेला. इंजिनाला मापात डिझेल देणारा हा पंप. तो बिघडला की गाडी काळा धूर ओकते आणि चढ दिसला की बसकण मारते. पूर्ण्याचे हळदीचे व्यापारी तात्याराव यांनी सिद्धोधनला सांगलीच्या खेपा दिल्या होत्या. त्यांनी सोमवारीच बजावलं: शनिवारी दुपारी बारापर्यंत गाडी गोदामापुढं उभी पाहिजे, नसली तर हंगामभराच्या खेपा दुसऱ्याला. तात्याराव गोड बोलतात, पण बारा म्हणजे बाराच.

मंगळवारी सिद्धोधननं पंप काढला, पोत्यात गुंडाळला आणि रेल्वेनं परभणीला बशीरचाचांकडं नेला. चाचा तीस वर्षं पंपच दुरुस्त करतात. हाताखालून गेलेल्या प्रत्येक पंपावर गाडीच्या नंबराचे शेवटचे चार आकडे ठोकायची त्यांची रीत आहे. या पंपावरही मागच्या दुरुस्तीतले आकडे होते. नव्या पंपाची किंमत ऐकून सिद्धोधननं पाणी मागितलं. दुरुस्तीला त्याच्या निम्मे पडणार होते, दोन दिवस लागणार होते, वर सहा महिन्यांची हमी. ते निम्मेही त्याच्या घशाखाली उतरेनात.

"सोचून सांग," चाचा म्हणाले, "पण ह्यो पंप हातचा सोडू नको. तुझ्या इंजिनाच्या मापात बसवलेला हाय."

विचार करायचाच होता तर घरी येऊन बायकोसमोर करावा. यानं तो परतीच्या रेल्वेत, फोनवर केला. आणि तोही मेव्हण्याशी. रेणुकाचा धाकटा भाऊ धम्मपाल नांदेडला जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकतो. त्याच्या जिभेवर इतकं तेल असतं की दुकानात वेगळं ठेवायची गरज नाही. तो म्हणाला, दाजी, तयार पंप पडलाय, चाचाच्या निम्म्यात देतो, फक्त तुमचा जुना बदल्यात द्या. पूर्णा आली, चुडावा आलं, हा उतरलाच नाही. थेट नांदेड.

आता खरी गंमत. सासरवाडीत जावयानं बिल मागायचं नसतं. हमी मागायची नसते. हा पंप कुठल्या इंजिनाचा, हे तर विचारायचंच नसतं, कारण मेव्हण्याच्या आईनं तोवर ताटात तिसरी पोळी वाढलेली असते. सिद्धोधननं आपला पंप दिला, त्यांचा घेतला, पोळी खाल्ली आणि मुक्काम करून बुधवारी सकाळी परत आला. दुपारी पंप बसवला. रिकामी गाडी गावातून दोनदा फिरवली. काय आवाज, काय पळणं! मला मुद्दाम हाक मारून दाखवली. मी म्हणालो, बाबा, रिकाम्या खिशानं मीही झपाझप चालतो. त्याला ते झोंबलं.

गुरुवारी त्यानं विटांचं भाडं घेतलं. पूर्ण्याजवळच्या पुलाचा चढ निम्मा झाला आणि गाडीनं मान टाकली. चाकाखाली दगड लावले, मागं वाहनांची रांग, आणि नेमका मी त्याच रांगेत ऑटोत. हसलो नाही. म्हणजे लगेच हसलो नाही. मिस्त्रीनं पाहून सांगितलं, पंप लहान इंजिनाचा आहे, रिकाम्या गाडीला पुरतो, ओझ्याला पुरणार नाही.

शुक्रवारी सकाळी पुन्हा नांदेड. सिद्धोधन म्हणाला, तुझा पंप घे, माझा दे. धम्मपालनं आधी चहा मागवला. तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं. जुना पंप त्यानं बुधवारीच एका गाडीत टाकून पाठवून दिला होता. कुठं, ते सांगेना. धंद्यातली गोष्ट हाय म्हणे, दाजी, आन् विकलेला माल आमी परत घेत न्हाई.

घरी आल्यावर रेणुकानं सगळं ऐकून घेतलं. भावाची बाजू घेईल म्हणून सिद्धोधन मनात भांडण जुळवूनच आला होता.

"त्यो माझा भाऊ हाय, मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "तुमाला बी म्हाईत होतं. तरी बिल न्हाई मागितलं?"

त्याच पावली तो परभणीला निघाला. मान खाली घालून चाचांना मेव्हण्याचा सगळा व्यवहार सांगितला आणि म्हणाला, कुठला का असंना, माझ्या इंजिनाचा तयार पंप द्या, उद्या बाराला गाडी लावायचीय. चाचांनी फळीवरून एक चकचकीत पंप उतरवला. ताजा हिरवा रंग, वास अजून गेला नव्हता. सिद्धोधननं तो उलटा केला आणि बघतच राहिला. रंगाखाली चार आकडे. त्याच्याच गाडीचे.

"नांदेडहून बुधवारीच आला, दोन दिवस त्याच्यावरच बसलो," चाचा म्हणाले. "रंग माझा हाय, पंप तुझाच. दुरुस्तीचे तर घेईनच, पण तुझ्या मेव्हण्याला मोजलेले बी तुलाच द्यावे लागतील."

म्हणजे मंगळवारी तिथंच ठेवला असता तर गुरुवारी मिळाला असता. सिद्धोधन परतीच्या गाडीत फोनला हात लावत नव्हता, असं त्याच्या समोर बसलेल्यानं मला सांगितलं.

शनिवारी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी ट्रक तात्यारावांच्या गोदामापुढं उभा होता. दुसरा ट्रकवाला आधीच येऊन झाडाखाली तंबाखू मळत बसला होता. तो तोंड पाडून गेला. हळद भरली, गाडी पुलाचा चढ न कण्हता चढली. खेपा वाचल्या. पण सांगलीहून आल्यावरही सिद्धोधनचा चेहरा मोकळा नव्हता. हिरव्या पंपाकडं बघितलं की त्याचं डोकं फिरतं, कारण स्वतःचीच वस्तू आयुष्यात पहिल्यांदा त्यानं बिल घेऊन विकत आणलीय.

आणि तो लहान पंप? रेणुकानं तो दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून उंबऱ्याशी ठेवलाय. परवा धम्मपाल बहिणीकडं जेवायला आला होता. आत जाताना त्याच्या अंगठ्याला लागला. तो लंगडतच पाटावर जाऊन बसला. रेणुकानं त्याला तीन पोळ्या वाढल्या, आणि पंप तिथंच राहू दिला.