पहिली पंगत आबांच्या मशीनची

मी मूळची कासुर्डीची, दिल्या घरी न्हावऱ्याची. दहावी झाले, मराठी टायपिंगची परीक्षा दिली आणि आमच्या शिक्षण संस्थेच्या ऑफिसात टाइपरायटरपुढं बसले. टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला, मी काही खुर्ची सोडली नाही. शिकवायला कुणी नव्हतं. जे बटण दाबायला सगळे घाबरायचे ते मी दाबून बघायची, एवढंच माझं शिक्षण. आता निवृत्त झाले तरी बोलावणं येतंच. "आक्का, प्रिंटर रुसलाय." मग जाते. घरी बसून तरी काय करायचं, सुनेच्या भाजीत मीठ शोधायचं?

तर ही अलीकडचीच गोष्ट. ऑफिस, शाळेची लॅब आणि लायब्ररी मिळून आमची सतरा मशीनं, सगळी एका वायरीनं जोडलेली. त्यांच्यातली सिस्टीम जुनी झाली होती. सिस्टीम म्हणजे काय, तर मशीन सुरू केलं की सगळ्यात आधी जागा होतो आणि बाकीच्यांना कामाला लावतो, तो घरचा कारभारी समजा. त्याची डागडुजी कंपनीनं बंद केली होती. एका मशीनला व्हायरस लागला तर वायरीवाटे सगळ्यांना लागायची भीती. म्हणून मीटिंगमध्ये ठरलं, सतराच्या सतरा मशीनवर नवी सिस्टीम चढवायची, आणि जे मशीन ती घेणार नाही ते सरळ भंगारात. काम आलं माझ्या गळ्यात. मीही मोठ्या तोऱ्यात हो म्हणाले. बाहेर येते तर दारात आमच्या लायब्ररीच्या भाभी उभ्या, तोंड अगदी एवढंसं झालेलं.

भाभी शिरूरच्या. त्यांचे सासरे तिथले जुने शिंपी, सगळ्या गावाला माहीत. भाभी रोज एसटीनं येतात आणि एसटीतून उतरल्या की त्यांची बडबड सुरू होते, ती माझ्या तोडीची. या बाईनं पाच-सहा वर्षं खपून लायब्ररीतलं एकेक पुस्तक कॉम्प्युटरात उतरवलं होतं. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, कुणी नेलं, कधी परत आणलं, सगळं. तो प्रोग्राम आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं करून दिलेला. तो गेला परदेशी, आणि त्याचा नंबर काही लागत नाही. म्हणजे बिघडलं तर विचारायचं कुणाला?

"आक्का, नव्या सिस्टीमवर माझी यादी उघडली न्हाई तर?"

"उघडंल की."

"आन् न्हाईच उघडली तर?"

"तर मी तुमच्यासंगं बसून परत सगळी टाइप करीन."

"सात हजार पुस्तकं?"

"मग? मला दुसरा काय धंदा हाय?"

भाभी हसल्या, पण ओठांनीच.

आता हे काम करायचं कसं, तर सतरा मशीनं एकदम लावायची नाहीत. आमचं इंटरनेट म्हणजे उन्हाळ्यातली नळाची धार. सगळ्यांनी आपापली सिस्टीम बाहेरून ओढायला घेतली तर कुणालाच मिळायची नाही. म्हणून एका मशीननं ती एकदाच आणायची आणि बाकीच्यांनी आतल्या वायरीवरून त्याच्याकडून घ्यायची. तेही पंगती पाडून. पहिल्या पंगतीला एकच मशीन. भाजीत मीठ कमी पडलंय हे पहिल्या पंगतीला कळलं की दुसऱ्या पंगतीपर्यंत सुधारता येतं, तसं. आणि पहिलं बसवायचं ते असं मशीन, की जे बंद पडलं तरी कुणाचं काही अडणार नाही.

मी कागदावर तशा पंगती लिहिल्या आणि कागद फळ्यावर लावला. पहिली पंगत, लॅबमधलं कोपऱ्यातलं मशीन. तास झाला नाही तोच आमचे अध्यक्ष हजर. त्यांना सगळे आबा म्हणतात. बागाईतदार माणूस, मनानं चांगला, पण मानाला फार जपणारा.

"आक्का, हे काय? माझं मशीन शेवटच्या पंगतीला?"

"आबा, पहिल्याला धोका असतो. बिघडलं तर तेच बिघडायचं."

"मग तर मी म्होरंच पायजे! धोक्याच्या जागी अध्यक्ष मागं बसला, आन् पोरांचं मशीन म्होरं गेलं, असं लोक म्हणतील. मी गावात तोंड कुठं दाखवू?"

"आबा, हे लग्नातलं जेवण न्हाई."

"तुम्हीच तर पंगत म्हणून लिव्हलंय."

मी फणफणत घरी गेले. संध्याकाळी शेंगा सोलता सोलता एकदम लख्ख आठवलं. आबांचं मशीन आणि भाभींचं मशीन एकाच दिवशी, एकाच टेम्पोतून उतरलेलं. सगळं सारखं, अगदी जुळी भावंडं. भाभींचं रोज राबत होतं आणि आबांचं कव्हर घालून ठेवलेलं. त्याच्यावर एक सत्काराची शाल घडी करून ठेवलेली असायची. म्हणजे त्यात बुडण्यासारखं काही नाही, आणि भाभींच्या मशीनचं पुढं काय होणार ते आधी त्याच्यावरच कळणार. सकाळी जाऊन म्हटलं, "आबा, मान तुमचाच." आबांची छाती केवढी फुगली!

दिवस धरला रविवारचा. गुरुवारी आमच्याकडं दुरुस्तीसाठी लाइट जाते, म्हणून तो टाळला. धास्ती लाइटची नव्हती तेवढी आमच्या शिपाईमामांची होती. खोलीतून माणूस उठलं की मेन स्वीच बंद करायचा, ही मामांची जन्माची सवय.

"मामा, आज त्या स्वीचला हात लावलात तर माझ्याशी गाठ हाय."

"न्हाई लावत. आन् दुसऱ्याला बी लावू देत न्हाई," असं म्हणून मामा स्टूल घेऊन बोर्डाखाली पहाऱ्याला बसले. त्याआधी त्यांनी बाहेर पायरीवर नारळ फोडला आणि आत येऊन मशीनला कुंकू लावलं. ते नेमकं स्क्रीनच्या मधोमध. मी पदरानं पुसलं.

सिस्टीम चढायला लागली. आबा पुढ्यात खुर्ची टाकून मतमोजणीला बसल्यागत बसले. "बत्तीस टक्के... आक्का, ही बत्तिसावर रुसली का?" "चालू द्या तिच्या मनानं." शंभर झाले तेव्हा टाळ्या वाजवल्या त्यांनी. मशीन झकास सुरू झालं. मग मी भाभींच्या यादीची आणि प्रोग्रामची नक्कल त्याच्यात घातली आणि उघडली.

उघडली, पण सगळी गिचमिड. पुस्तकांच्या नावांच्या जागी इंग्रजीची तुटकी अक्षरं, टिंबं, आकडे, कोंबडी शाईत पाय बुडवून फिरावी तसं. भाभी माझ्या मागंच उभ्या होत्या. "राहू द्या आक्का," एवढं म्हणून त्या पाण्याची बाटली भरायला बाहेर गेल्या. बाटली भरलेलीच होती.

आबांनीही हळूच खुर्ची मागं घेतली. मी मात्र स्क्रीनकडं बघत राहिले. पुस्तकांचे नंबर बरोबर होते. तारखा बरोबर. कपाटाचे आकडे बरोबर. गेली होती ती फक्त मराठी. आणि मग माझं टायपिंग माझ्या मदतीला आलं! जुन्या पद्धतीच्या मराठीत आपण 'क' दाबतो तेव्हा मशीन आत इंग्रजी खूणच ठेवतं. तिला 'क'चं रूप देतो तो फॉन्ट, म्हणजे अक्षरांचा साचा. साचा नसला की आतली खूण तशीच उघडी दिसते.

"आबा, खरं सांगा, ह्या मशीनवर तुम्ही कवा एक तरी ओळ मराठीत लिव्हली का?"

"मी कशाला लिव्हू? माणसं हायेत की."

"मग ह्याच्यात मराठीचा साचा कोण घालणार!"

मी पळत लायब्ररीत गेले. या वयात पळाले, हो. भाभींच्या मशीनमधून तो फॉन्ट पेनड्राइव्हवर घेतला, आबांच्या मशीनमध्ये घातला आणि यादी पुन्हा उघडली. वरपासून खालपर्यंत स्वच्छ मराठी, वेलांटी-उकारासकट.

"भाभी!" मी अशी ओरडले की मामा स्टुलावरून उठले, पण स्वीचपासून हलले नाहीत.

भाभी आल्या, वाकून बघितलं, बोट लावत चार ओळी मोठ्यानं वाचल्या आणि मला मिठीच मारली. म्हटलं, आता तुमचं मशीन उद्या घेऊ. तर म्हणाल्या, "उद्या न्हाई आक्का, आत्ताच. उद्यापर्यंत माझा जीव थाऱ्यावर राहायचा न्हाई."

मग त्यांच्या मशीनवर टक्के चढत होते तेव्हा मामांचं स्टूल तिथल्या बोर्डाखाली हलवून आम्ही चौघांनी लायब्ररीच्या टेबलावर डबे सोडले. भाभींच्या डब्यातलं वांगं आबांनी दोनदा मागून घेतलं. हात धुऊन येतो तोवर शंभर झाले होते. भाभींनी यादी उघडली. आली! हलली नाही, पुसली नाही, जशीच्या तशी.

आबा खुशीत येऊन म्हणाले, "आता माझं नाव टाका बघू. अध्यक्ष हाय का न्हाई यादीत?"

भाभींनी नाव टाकलं. एकच ओळ आली. गाईंच्या संगोपनाचं पुस्तक, नेल्याला चार वर्षं, आणि पुढं शब्द, 'परत नाही'.

"हे त्या नव्या सिस्टीमनं घातलं असंल आत," आबा म्हणाले.

"आबा, सिस्टीम नवी हाय, पुस्तक जुनं हाय," भाभी म्हणाल्या, आणि मामा बोर्डाखाली तोंडाला टॉवेल लावून हसायला लागले. शेवटी आबाही हसले, पोट धरून.

बाकीची मशीनं त्याच आठवड्यात झाली, पंगतीनं. मंगळवारी मामा आबांकडून एक पुडकं घेऊन लायब्ररीत आले, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. भाभींनी ते सोडलं, गाईंच्या पुस्तकाची पानं झटकली, त्यातलं वाळकं गवत खाली पडलं. एरवी दहा बोटांनी धडाधड टाइप करणारी बाई, तिनं एका बोटानं सावकाश लिहिलं, 'परत आलं'. मग मान वर करून म्हणाल्या, "आक्का, आबांना आता कुठलं पुस्तक देऊ?"