काकूंनी समजून घेतलेलं ऑपरेशन

आमच्या तळमजल्यावरच्या काकूंना फसवणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं, कारण त्यांनी त्यालाही आधी उलटा करून आतली शिवण तपासली असती. विठ्ठलवाडीच्या आमच्या इमारतीत त्या साड्यांना फॉल-पिको करायच्या आणि परकर शिवायच्या. शिवणीची खरी लायकी आतून कळते, हा धंद्यातला नियम त्यांनी सगळ्या सृष्टीला लावला होता. आमच्याकडे नवा फ्रिज आला तेव्हा सगळं घर दार उघडून बर्फाचा कप्पा बघत होतं. काकू टॉर्च घेऊन मागच्या जाळीपाशी बसल्या होत्या. माझ्या लग्नात आहेर द्यायला स्टेजवर आल्या, आणि तिथंच माझ्या शालूचा पदर उलटा करून म्हणाल्या, "पिको कुणी केला गं हा? नुसता रडलाय." अल्बममधल्या त्या फोटोत नवरा हसतोय, मी कानकोंडी झालेय आणि काकूंची फक्त पाठ दिसते. गिऱ्हाइकांची नावं आणि चेहरे त्यांच्या लक्षात राहायचे नाहीत. बाई लक्षात राहायची ती परकराची नाडी कुठं बांधते त्यावरून. उल्हासनगरच्या एका सिंधी बाईंचा फोन आला, "मौसी, मैं बोल रही हूँ, पहचाना?" तर काकू शांतपणे म्हणाल्या, "नाम रहने दो. नाडा किधर बाँधती हो, वो बोलो." आणि पलीकडून उत्तर येताच त्यांनी बाईंना बरोबर ओळखलं.

त्यांची एकुलती एक लेक बदलापूरला, खरवईच्या बाजूला राहायची. तिला जुळी झाली, जुळी चार वर्षांची झाली, तरी तिचं पोट काही जागेवर गेलं नाही. कातडीची घडी लोंबायची, कंबर भरून यायची आणि बाजारात कुणीही अनोळखी बाई गोड हसून विचारायची, "कितवा महिना?" यावर काकूंचं औषध एकच होतं. "पोट आत घे. आळस सोड. सकाळी उठून व्यायाम कर." लेक बिचारी करायची. मग एका रविवारी ती आली आणि म्हणाली, "आई, मी ऑपरेशन करून घेणार आहे. टमी टक म्हणतात त्याला." नवऱ्याची हरकत नव्हती. पण नंतर सहा आठवडे तिनं काही जड उचलायचं नव्हतं, म्हणजे ती दोन वादळं कुणीतरी सांभाळायला हवी होती, आणि काकूंशिवाय दुसरं कुणी नव्हतं. काकू हो म्हणाल्या तर ऑपरेशन, नाहीतर विषय मिटला.

"समजल्याशिवाय मी ब्लाउजपीसला कात्री लावत नाही," काकू म्हणाल्या, "आणि ही तर माझी पोर आहे. डॉक्टरांकडे मी येणार."

इंग्रजी शब्द आले तर हवी म्हणून मलाही नेलं. डॉक्टर तरुण होते, आठवड्यातून एकदा उल्हासनगरला येत. त्यांनी दुसऱ्या पेशंटांचे आधीचे-नंतरचे फोटो पुढे ठेवले, ते काकूंनी हातानं बाजूला सारले. "वरचं राहू द्या डॉक्टरसाहेब. आत काय करता ते सांगा." डॉक्टर सांगू लागले. ओटीपोटाखाली या कंबरेपासून त्या कंबरेपर्यंत छेद, कातडी बरगड्यांपर्यंत सुटी करायची, आतले फाकलेले स्नायू मधोमध टाक्यांनी जवळ आणायचे, मग कातडी खाली ओढून जास्तीची कापायची.

"म्हणजे आधी अस्तर घट्ट, मग वरचं कापड," काकू म्हणाल्या. "आणि बेंबी? ती खाली सरकेल ना?"

"बेंबी जागेवरच राहते. वरच्या कातडीला तिच्यासाठी नवं छिद्र पाडतो."

"काज!" काकू खुर्चीवरून अर्ध्या उठल्या. मी दुभाषी म्हणून गेले होते, प्रत्यक्षात काकूच मला समजावत होत्या. मग त्यांनी विचारलं, "शिवण नेमकी कुठं?" डॉक्टरांनी पेनानं पोटाच्या चित्रावर रेघ ओढली, "कपड्यांत झाकली जाईल." काकूंनी ती रेघ निरखली. "कुठल्या कपड्यांत? पोट असं असलं की बाई नाडी घडीच्या खाली बांधते. ही पण तिथंच बांधते, काळा वळ पडलाय तिला. तुमची शिवण बरोब्बर नाडीखाली येतेय. रोज घासणार."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांना हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. घडी गेल्यावर नाडी वर बांधता येईल, तोवर सैल गाऊनच, असं ठरलं. त्यानंतरही नाडीऐवजी रुंद मऊ पट्टा लावून परकर शिवते, असं काकूंनी सांगितलं, आणि डॉक्टरांनी ते चक्क लिहून घेतलं. मला त्या क्षणी काकूंच्या पाया पडावंसं वाटलं.

मग तपासणी. डॉक्टरांनी लेकीला उताणी झोपवून फक्त मान उचलायला सांगितली. पोटाच्या मध्यावर एक उंचवटा उठला. "हात बघू, काकू," म्हणत त्यांनी काकूंची बोटं तिथं ठेवली. तीन बोटं सरळ आत गेली. "स्नायू एवढे फाकलेत. हे व्यायामानं भरून यायचं नाही. यात हिचा आळस नाही."

काकूंनी बोटं काढलीच नाहीत. कुणाचीही शिवण उसवून दाखवणारी ती बाई खालमानेनं म्हणाली, "चार वर्षं बोलतेय मी तुला. माझं चुकलं गं." लेक पडल्या पडल्या रडायला लागली. काकू डॉक्टरांकडे वळल्या, "तारीख द्या. पोरं माझ्याकडे राहतील."

ऑपरेशन नीट झालं. सुरुवातीला लेक वाकून चालायची, नंतर हळूहळू ताठ झाली. सहा आठवडे जुळ्यांनी काकूंचं घर डोक्यावर घेतलं होतं. एका दुपारी मी डोकावले, तर पोरं झोपलेली आणि काकू चटईवर उताण्या, मान उचललेली, स्वतःच्या पोटावर बोटं.

"चार जातात," त्या म्हणाल्या. "लेकीच्या बाळंतपणापासूनचं असणार. सासूबाई म्हणायच्या, बाई सुटली, आळशी झाली. मला खरंच वाटलं ते. तीस वर्षं नाडी आवळून बांधली मी."

"डॉक्टरांना दाखवूया का, काकू?"

त्यांनी मान खाली टेकवली. "नको गं. आता या वयात कशाला. पण त्या वेळी कुणीतरी एवढं सांगायला हवं होतं मला."

मी त्यांच्या शेजारी चटईवर बसून राहिले. काकूंनी आपला हात पोटावर तसाच ठेवला होता, झोपलेल्या पोराच्या पाठीवर ठेवावा तसा.