वाणात गेलेलं नोरिगे

इथे आखातात, रीम आयलंडवर आमच्या मजल्यावर एक कोरियन शेजारीण राहते. लेकीच्या शाळेतल्या इंटरनॅशनल डेसाठी तिने आपला कोरियन पोशाख दिला आणि सोबत एका डबीत नोरिगे. पोशाखाच्या छातीवरच्या बंदाला अडकवायचा हा दागिना: जेडचा हिरवा तुकडा, वर रेशमी गाठ, खाली वीतभर लांब लाल गोंडे. तिच्या गेलेल्या आईचं होतं ते. "मुलीच्या लग्नात मी हेच घालणार," असं तिने देतानाच सांगितलं होतं.

पोशाख मी दुसऱ्या दिवशी परत केला. डबी मात्र संक्रांतीच्या गडबडीत वाणाच्या खणात सरकवली. हा खण म्हणजे आम्हा बायकांचा पिढीजात निर्लज्जपणा. आलेल्या वाट्या, डब्या, पर्सेस तिथे जमतात आणि पुढच्या हळदीकुंकवाला दुसरीच्या हातात जातात.

शेजारणीने नोरिगे मागितलं तेव्हा खणात डबी नव्हती. सासूबाईंनी ती हळदीकुंकवाला दुबईतल्या करामाहून आलेल्या एका बाईला देऊन टाकली होती.

"वाण म्हणूनच ठेवली होतीस ना तिथे? आता दिलेलं परत मागणार?" सासूबाई उलट मलाच म्हणाल्या. माझा आवाज इतका चढला की लेक खोलीतून धावत आली. "आई, दॅट वॉज हर मदर्स!" तीही माझ्यावरच ओरडली.

तशीच टॅक्सी करून दुबई गाठली. करामातल्या त्या बाईच्या कपाटाच्या किल्लीला नोरिगे लटकत होतं. गोंडे अर्धेच होते.

"फार लोळत होते हो, म्हणून जरा कापले. यल्ला, आत या, चहा टाकते."

कापलेले गोंडे केव्हाच कचऱ्यात गेले होते. संताप संताप झाला. चहाला नाही म्हटलं, कुंकूही लावून घेतलं नाही. परतीच्या वाटेवर त्या बाईला आणि सासूबाईंना मनातल्या मनात काय काय बोलले, ते लिहिण्यासारखं नाही.

शेजारणीने नोरिगे हातात घेतलं आणि किटली लावली. वाफेवर धरून ती उरलेले चुरगळलेले गोंडे बोटांनी सरळ करू लागली. मला ते बघवेना. मी तावातावाने इंग्रजीत सांगत सुटले, सासूबाईंनी दिलं, त्या बाईने कापलं.

तिने वर पाहिलं नाही. "बट आय गेव्ह इट टु यू," एवढंच म्हणाली.