माकुलाचा टोप आणि पहाटेची दुआ

"फेक तो टोप! खिडकीतून फेक, नाहीतर तुझ्यासकट मीच फेकतो!"

बीडचा बशीर स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून असा गरजत होता की आखातातल्या करामा वस्तीतल्या आमच्या इमारतीवरची झाडून सारी कबुतरं एकदम उडाली आणि, माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचा तर, त्यांतली काही शारजाला जाऊन कायमची स्थायिक झाली. जुम्म्याची नमाज आटोपून आम्ही नुकतेच परतलो होतो. ऑगस्टातली ती ओली, चिकट उष्णता अंगाला लगटून आमच्याबरोबर घरात शिरली होती आणि आत तिला भेटला होता करपलेल्या माकुलाचा वास. माकूल म्हणजे आमच्या कोकणच्या खाडीकाठचा तो लिबलिबीत, अनेक हातांचा समुद्रजीव. आमच्याच घरातल्या मोहसिनने तो सकाळी मासळीबाजारातून आणला, लसूण नि आमसुलं घालून शिजत ठेवला, आणि गॅस न विझवताच मशिदीत गेला. त्या वासाचं वर्णन कुठल्याही भाषेत सभ्यपणे करता येणार नाही. एवढंच सांगतो, की तिकडे रास अल खोरच्या दलदलीत एका पायावर ध्यानस्थ असलेले रोहित पक्षी त्या दुपारी अस्वस्थ होऊन पाय बदलताना पाहिले गेले.

पण बशीरचं भांडण वासाशी नव्हतंच. बशीर हनफी आणि आम्ही कोकणातले तिघे शाफई. सुन्नी धर्मशास्त्राच्या चार परंपरांपैकी या दोन. आमच्याकडे समुद्रातलं जवळजवळ सगळं चालतं. हनफींकडे मासा तेवढा चालतो, आणि माकूल काही मासा नव्हे. वर्षानुवर्षं याचं कोणाला काही वाटलं नव्हतं. आमचा माकूल असला की बशीर आपलं अंडं तळून घ्यायचा आणि विषय मिटायचा. पण अलीकडे तो कुणा वक्त्याच्या कॅसेटी ऐकू लागला होता, आणि माकूल ज्या टोपात शिजतो त्याच टोपात आपली डाळ शिजते, हे सत्य त्याला त्या दुपारी एखाद्या साक्षात्कारासारखं उमगलं होतं.

"तुमच्या इमामाला काय, समुद्रातलं जहाजसुद्धा हलाल!" बशीर ओरडला.

"आणि तुमचा इमाम पापलेटचा पासपोर्ट तपासून आत घेतो!" मोहसिनने परतफेड केली.

मग दोघांनी एकदम घरातल्या वडीलधाऱ्या दाऊदचाचांकडे पाहिलं. चाचा रीतसर आलिम, धर्मशास्त्राचे पंडित. उमेदीची सगळी वर्षं मदरशात अरबी ग्रंथांवर घासून घालवलेली. पण मशीद म्हणून काही त्यांच्या नशिबी आली नाही. संध्याकाळी शेजारच्या अल मनखूल वस्तीतल्या घरांत जाऊन मुलांना कुराण शिकवायचं, आणि "येस अंकल, टुमारो अंकल" एवढ्या उत्तरावर समाधान मानायचं. त्यांची खरी मशीद म्हणजे आमचा हॉल. कंपनीची बस पहाटेच यायची, म्हणून फजरची, उजाडण्याआधीची नमाज आम्ही सारे तिथेच त्यांच्यामागे पढायचो. नमाजेच्या त्या दोन आवर्तनांत, दोन रकातींत, त्यांचा वाकलेला कणा असा ताठ व्हायचा, की पुढे गालिचा नसून बगदादची एखादी भव्य कमान असावी.

"मौलानासाहेब," बशीर म्हणाला. कालपर्यंत तो त्यांना चाचा म्हणत होता. "उद्यापासून मी तुमच्यामागे उभा राहणार नाही. खलास."

मावळतीच्या मगरिब नमाजेनंतर चाचांनी सर्वांना बसवून घेतलं आणि ज्यांच्या नावाने आम्ही स्वतःला शाफई म्हणवतो त्या इमामांची गोष्ट सांगितली. मदिनेच्या गुरूंपाशी ते शिकले, मग इराकात जाऊन हनफींच्या शिष्यांशी वादही घातले आणि त्यांच्याकडून ग्रंथही घेतले. बगदादमध्ये एक मत दिलं आणि मिसरात, म्हणजे इजिप्तात गेल्यावर स्वतःचीच कित्येक मतं बदलली. फजरच्या दुसऱ्या रकातीत हात उचलून कुनूतची दुआ करावी, असं त्यांचं सांगणं. हनफी ती फजरमध्ये करत नाहीत. पण असं सांगतात, की एकदा हनफींच्या इमामांच्या कबरीजवळ त्यांनी फजर पढली, तेव्हा त्या थोर माणसाचा मान राखून त्यांनी स्वतःच ती दुआ सोडली.

सांगताना चाचांचा आवाज तूप वितळावं तसा झाला होता. बशीर मात्र भिंतीकडे बघत होता.

दुसऱ्या पहाटे बशीर आला. खांदा चोरून, ओळीच्या अगदी टोकाला उभा राहिला. दुसऱ्या रकातीत चाचा रुकूतून, ओणव्यातून उठले, आणि हात न उचलता सरळ सजद्यात, कपाळ टेकायला गेले. कुनूत नाही! आमच्या रीतीप्रमाणे कुनूत राहिली तर शेवटी भुलीचे दोन सजदे जास्तीचे करायचे. चाचांनी ते न करताच नमाज संपवणारा सलाम फेरला, आणि मोहसिनने मात्र सलाम न फेरता, इमामाच्या पाठीमागे, सगळ्यांना ऐकू जाईल असं दोनदा कपाळ जमिनीवर आपटलं.

"चाचा, पार्टी बदललीत वाटतं?" तो उठून म्हणाला.

आणि ज्याच्यासाठी हे केलं तो बशीर म्हणाला, "मला खूश करायला जो नमाज बदलतो, त्याच्यामागे तर अजिबातच नाही."

त्या क्षणी मला जी शिसारी आली ती कुठल्याही माकुलाने आजवर आणली नव्हती. शहरांमागून शहरं चालत जाणारा, शिकता शिकता स्वतःलाच खोडून पुन्हा लिहिणारा एक माणूस. आणि आम्ही त्याच्या नावाचं कुंपण घातलं, त्यावर काचा रोवल्या, आणि रोज सकाळी उठून पलीकडच्याच्या अंगणात थुंकायला लागलो. ज्यांची एक पहाट अनुसरली म्हणून चाचांची मशीद मोडली, ते इमाम आमच्या हॉलमध्ये प्रत्यक्ष अवतरले असते, तर मोहसिनने त्यांच्याही मागे कपाळ आपटलं असतं आणि बशीरने त्यांना कॅसेट ऐकवली असती! पुढचे दिवस पहाटे हॉलमध्ये तीन कोपऱ्यांत तीन नमाजा होऊ लागल्या, प्रत्येकजण दुसऱ्याला ऐकू जावं इतक्या जोरात पुटपुटणारा. आणि या साऱ्यावर करपलेला, आंबलेला तो वास, पडद्यांत, उशांत, अगदी जानमाजांच्या, नमाजेच्या चटयांच्या धाग्यांत मुरलेला. चाचा एसीखालच्या आपल्या जुन्या जागी पुढे उभे राहत. मागे मी एकटा. त्यांचा कणा पुन्हा वाकला होता. मला त्या घराचा, त्या आवाजांचा, धर्माच्या नावाने चाललेल्या त्या तोंडाळपणाचा असा उबग आला होता की समोरच्या दिव्याखाली दमट हवेत तरंगणाऱ्या धुळीकडे पाहतानाही ती नमाजेआधीचे हातपाय धुऊन, वजू करून आली असेल का, अशी शंका यायची.

मग एका संध्याकाळी बाल्कनीतल्या नळापाशी घासल्याचा आवाज आला. चाचा आणि मी बाहेर गेलो. बशीर उकिडवा बसून तोच टोप घासत होता. फेकला नव्हता तर! खालच्या खजुराच्या आळ्यातली माती त्याने कागदात बांधून वर आणली होती. कोपरापर्यंत हात चिखलाने माखले होते, आणि टोपाचं काळं बूड मावळतीच्या पिवळ्या उजेडात हळूहळू चांदीसारखं उघडत होतं.

"किती वेळा धुतलास?" चाचांनी विचारलं. इतक्या दिवसांत ते त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होते.

"सात."

"त्यात मातीने?"

"एकदा."

चाचा दाराच्या चौकटीला टेकले. "अरे, तुमच्यात भांडं तीनदा धुतलं की पाकसाफ. सात वेळा, त्यात एकदा मातीने, हा हुकूम आमच्या इमामांचा. तोही कुत्र्याने तोंड घातलं तर." त्यांचा आवाज अगदी खाली आला. "मग आत्ता या नळापाशी तू कोणाच्या मागे उभा आहेस, बशीर?"

मी मनात कबुतरांना सावध केलं. आता हा ओरडणार आणि उरलीसुरली शारजाला जाणार. पण बशीरने टोप पालथा घातला, पाणी निथळू दिलं, नाकाजवळ नेऊन एकदा हुंगला, आणि मान वर न करता म्हणाला,

"तीनदा धुऊन वास जात नव्हता, चाचा."