दर्यातल्या गोळ्या

गेल्या आठवड्यापर्यंत मी धरून चालले होते, की ही गोष्ट माझ्याबरोबरच जाईल. नवऱ्याजवळ बोलले नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही. पण भाचीनं मोबाइल पुढे केला आणि —

थांबा, नीट सांगते. भाची म्हणजे माझ्या दादाची मुलगी. तिची थायरॉइड कमी काम करते असं नुकतंच निघालंय. मांद्र्याला माहेरी गेले होते, तेव्हा तिनं मला आयोडीनच्या थेंबांची जाहिरात दाखवली. "आते, ह्यां घेव काय गो?" मी इतक्या जोरात 'नको' म्हटलं, की पोर दचकली. डॉक्टरला विचारल्याशिवाय काही घेऊ नकोस म्हणाले. पण तुला कसं ठाऊक, असं तिनं विचारलं. बाजूला तिची आई, माझी वहिनी, भाजी निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. मला मात्र तिथे बसवेना.

वहिनी डिचोलीची. खाणींच्या लाल धुळीतून आमच्या दर्याकाठी आली, म्हणून आम्ही तिची काय थट्टा करायचो! बांगडे कापायला बसली की मी मुद्दाम बघायला जायची. पण गळा असा, की चवथीला गणपतीपुढे फुगडी धरायची तर वाड्यावरच्या बायका तिच्यासाठी खोळंबून राहत. गणपतीवर फळंपानं टांगलेल्या माटोळीखाली रिंगण व्हायचं, वहिनी पहिली ओळ म्हणायची आणि आम्ही सगळ्या ती झेलायचो. नव्या लुगड्यांचा वास, नेवऱ्या तळल्याचा वास, घामानं ओले झालेले हात — अजून डोळे मिटले की मी त्या रिंगणात असते. गळा मलाही होता. पण वहिनी असताना मला कोण विचारणार? तेव्हा याचं वाईट वाटतं असं मी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

दुसऱ्या बाळंतपणानंतर वहिनी मंदावली. केस गळायचे, भर मे महिन्यात अंगाला थंडी वाजायची. म्हापशाच्या डॉक्टरांनी रक्त तपासून थायरॉइडची गोळी दिली, रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची, बहुधा जन्मभर. तिनं ती सुरू केली आणि बाई पुन्हा हसायला-बोलायला लागली.

मग मी मध्ये पडले. त्या वर्षांत आम्ही मागची खोली परदेशी पाहुण्यांना भाड्यानं देत होतो. घरात इंग्रजी माझं बरं, म्हणून त्यांच्याशी बोलणं माझ्याकडे. त्याची मला केवढी घमेंड! एक बाई रोज घरापुढच्या बाल्कांवात बसून, मध लावलेला पाव खाता खाता, समुद्रातल्या शेवाळाच्या गोळ्या घ्यायची. थायरॉइडला आयोडीन लागतं, यात ते ठासून भरलंय, असं तिनं सांगितलं. जाताना एक भरलेली बाटली मला दिली. तिनं चांगल्या मनानं दिली. पुढचं सगळं डोकं माझं.

माझं गणित काय होतं सांगू? आम्ही जन्मापासून मासे, कुर्ल्या, तिसऱ्या खाऊन वाढलो, आमच्यात कुणाला हा आजार आहे? नाही. वहिनी वाढली दर्यापासून लांब, म्हणजे तिच्या पोटात दर्याचंच कमी पडलं. आहे की नाही सरळ? दर्यातलं आपल्याला बाधतं होय कधी! डॉक्टरच्या गोळ्या बंद कर आणि या घे, असं मी तिला सांगितलं. "दोतोराक एकदा विचारूया मां?" ती भीतभीत म्हणाली. मी हसले. डिचोलीकरीण ती डिचोलीकरीणच, म्हटलं. सासरी नणंदेचा शब्द मोडायचा कसा? तिनं ऐकलं. जुन्या गोळ्या मीच उचलून कपाटावर टाकल्या.

काही महिन्यांत तिचा चेहरा सुजला. दुपारी बसल्या जागी डोळा लागायचा आणि घरात 'आळशी' हा शब्द ऐकू येऊ लागला. मग चवथ आली. रिंगण धरलं, वहिनीनं तोंड उघडलं — आणि घोगरा, फाटका आवाज आला. एका ओळीत ती थांबली. कुणीतरी मला म्हणालं, "तू म्हण गो." मी म्हटलं. छान म्हटलं. आणि खरं सांगते, मला आनंद झाला.

दादानं आम्हा दोघींना म्हापशाला पाठवलं. बाटली माझ्या पर्समध्ये होती. वाटेत ठरवलं होतं, दाखवायची आणि बोलून मोकळं व्हायचं. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून विचारलं, गोळी रोज घेता ना? दुसरं काही चालू आहे? वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. तक्रारीनं नव्हे. मी सांगेन म्हणून ती थांबली होती.

मी म्हटलं, "विसरता ती, दोतोर."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. डॉक्टर तिच्यावर रागावले आणि तिनं खाली मान घालून ऐकून घेतलं. तेव्हा वाटेतल्या नदीवर चोपड्याला पूल नव्हता. येताना फेरीबोटीच्या कठड्याशी उभी राहून मी बाटली नदीत टाकली. वहिनी शेजारीच होती. तिनं पाहिलं आणि पदर डोक्यावर घेतला.

घरी दादालाही मी तेच सांगितलं. दुसऱ्या सकाळपासून तो स्वतः गोळी घेऊन तिच्यासमोर उभा राहू लागला, पाहुण्यारावळ्यांदेखत, मुलांदेखत. 'विसराळू' हे तिचं नाव पडलं. डॉक्टरच्या गोळीनं सूज उतरली, गळाही परत आला — विहिरीवर एकटी असली की गुणगुणायची, मी ऐकलंय. पण फुगडी तिच्याकडे परत गेली नाही. विसराळू बाईला पहिली ओळ कोण देणार, मध्येच शब्द विसरली तर? मी म्हणत राहिले, वर्षानुवर्षं. मी कुठे अडखळले तर शेजारून पुढचा शब्द हळूच यायचा. वहिनीचा.

माझं लग्न होऊन मी पेडण्याला आले. दोन वर्षांपूर्वी हाच आजार मला झाला. होय, मासे खाऊन वाढलेल्या मला! डॉक्टर म्हणाले, मिठातून-माशांतून तुम्हाला हवं तेवढं आयोडीन मिळतं. तुमची ग्रंथीच मंदावली आहे, वरून आणखी आयोडीन ओतलं तर ती जास्तच मंदावेल. मी मान डोलावली. नवी माहिती असल्यासारखी.

तेव्हापासून वहिनी रोज सकाळी फोन करते. एक दिवस चुकलेली नाही. आज मी हे लिहायला बसले होते, तेवढ्यात वाजला.

"गोळी घेतलंस मां गो?"

घेतली, म्हटलं. मागून दादाचा आवाज आला, "आणि तू घेतलंस काय, विसराळू?" ती हसली आणि त्याला म्हणाली, "घेतलंय हो."

मी फोन ठेवला.