आग लावण्याआधी बघून येणारा देव

शेवंतीचे शेंडे पिळवटलेले दिसले, तेव्हा माझ्या तोंडात आधी शिवी आली, प्रार्थना नंतर. आमचं घर ख्रिस्ती, भांडगावला हायवेच्या आत आमचा फुलांचा मळा आहे, आणि दसरा-दिवाळीच्या बाजारावर आमचं वर्ष निघतं. औषधांच्या दुकानदाराने पान बघताच सांगितलं, की यावर तणनाशक पडलंय, उसातलं गवत मारायचं. पुढे विचार करायची आम्हाला गरजच वाटली नाही. शेजारच्या आप्पांशी बांध कोरण्यावरून बोलणं बंद होतं, आणि 'बघून घेतो' असं ते चार माणसांत म्हणाले होते. झालं, आमच्यापुरता निकाल लागला.

मी रोज गुडघे टेकत होते. न्याय कर, असं तोंडाने म्हणत होते. पण मला आप्पांच्या वांग्यांवर आभाळातून आग पडलेली हवी होती, हे मी देवापासून लपवलं नाही. माझे मालक तर बोलेनासेच झाले. जेवायला बसायचे आणि ताट सरकवून उठायचे. रविवारी म्हणाले, "माझं डोकं दुखतंय, तू जा दौंडला." मी एकटीच चर्चला गेले.

त्या दिवशी पाळकांनी, देवाने पापापायी आगीने जाळलेल्या सदोम नगराचा उतारा घेतला. मला बरंच वाटलं, आता आग येणार म्हणून. पण पाळक आगीच्या अलीकडेच थांबले. म्हणाले, त्या गावाविरुद्धची ओरड देवाच्या कानी गेली, तरी देव म्हणतो, की मी खाली जाऊन बघतो, ऐकलं ते खरं आहे का. ज्याला सगळं ठाऊक, तो बघायला उतरतो. मना केलेलं फळ खाऊन लपलेल्या आदामालाही त्याने आधी विचारलं, तू कुठे आहेस. आणि भावाचा जीव घेणाऱ्या काइनाला, तुझा भाऊ कुठे आहे. लहानपणापासून हे उतारे ऐकत आले, पण हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. अंगावर काटा आला. आणि तिथेच, का ते मला सांगता येणार नाही, आमच्या गोठ्याच्या कोपऱ्यात दिसलेला नवा कॅन आठवला. तणनाशकाचा. आमच्याकडे तर उसाचं एक टिपरूही नाही.

शेवटच्या आशीर्वादालाही मी थांबले नाही. दौंडहून तडक घर गाठलं. मळ्यात पोचले तर मालक विहिरीपाशी, फवारणीचा भरलेला पंप पाठीवर चढवत होते.

"आप्पाची मानसं लग्नाला गेल्यात," ते म्हणाले. "तू घरात जा."

"आधी मी बघून येते."

"आता काय बघायचं ऱ्हायलंय?"

"सदोमाला आग लावण्याआधी देवसुद्धा बघून आला. तुम्ही कोण लागून गेलात?"

त्यांनी मला अडवलं नाही. पंप मात्र खाली ठेवला नाही.

आप्पांच्या वांग्यांभोवती मक्याची दाट ताटी आहे, त्यामुळे आमच्या बाजूने आतलं काहीच दिसत नाही. मी ताटीतून आत शिरले. वांग्यांचे शेंडेही तसेच पिळवटलेले होते. आप्पा लग्नाला गेलेच नव्हते. वाफ्याच्या कडेला बसले होते, शेजारी पंप. मला बघताच ताडकन उठले.

"काय बघाया आलीस? जळलं का न्हाई नीट, त्ये?"

मी वाकून एक शेंडा हातात घेतला. मग मी विचारलं, "आप्पा, किडीची फवारणी कुणी केली?"

"कुनी म्हंजी? वडगाव रासाईचा गडी येतो तिकडच्या उसात फवारून, त्यानं."

"आमच्याकडंबी त्योच आलता," मागून मालकांचा आवाज आला. माझ्या मागोमाग तेही पंपासकट ताटीतून आत आले होते.

 नदीकाठच्या उसात तणनाशक मारून आलेला त्याचा पंप नीट धुतलेला नव्हता, हे तिघांच्याही एकदमच लक्षात आलं.

"आप्पा, तुमच्या पंपात काय आहे?" मी विचारलं.

आप्पांनी मालकांच्या पाठीकडे बघितलं. "तुमच्यात हाय, त्येच."

मग ते मटकन खाली बसले आणि रडायलाच लागले. भैरोबाला त्यांनी साकडं घातलं होतं, आमचं वाटोळं कर म्हणून.

त्या गड्याला बोलावलं तेव्हा आप्पा काठी घेऊन उठले. मालकांनीच त्यांचा हात धरला. "आप्पा, आदी इचारू तर."

शेवंती काही वाचली नाही, वांगीही गेली. वर्ष ओढाताणीचं गेलं. तरी देवाचे आभार मानताना मी नव्या पिकाआधी माझ्या त्या प्रार्थनेचं नाव घेते, जी त्याने ऐकूनही पुरी केली नाही. मी मागितलेली आग एका निरपराध म्हाताऱ्यावर पडली असती, आणि त्यांनी मागितलेली आमच्यावर. आता न्याय मी देवावरच सोपवला आहे. मला कुणाचा राग आला, की मी आधी बांध ओलांडून बघून येते.